माह्यं चुकलं

बसा भाऊ, चहा येऊन राह्यला, तोवर तुमाले कामरगावच्या देवमनची गोठ सांगतो. त्या इतवारी बैठकीत जमशेद चुकला नाई, अन् देवमनले घाम फुटला.

आता तुमी म्हनसान, दुसरा चुकला नाई तं याले काहून घाम? त्या बैठकीचा कायदाच तसा होता. देव हाय का नाई, भूत कोनी पाह्यलं, ग्रहन कायले लागते, असं सारं तिथं निघे. बौद्ध, हिंदू, मुसलमान, सारे एकाच सतरंजीवर. कोनी काही म्हटलं का बाकीचे इचारत, पुरावा? गोठ खोटी पडली का त्या मानसानं उभं राहून म्हनाचं, माह्यं चुकलं. मंग सारे टाळ्या वाजवत. बरोबर निघनाऱ्याले टाळी नाई. त्याचं काय कौतुक?

हा कायदा देवमननंच केला. बैठकही त्यानंच काढली. बिजलीवाल्यायचा लाइनमन होता, आता रिटायर. बुवा लोकायच्या साऱ्या चलाख्या त्याले पाठ. नारळातून केस कसे काढते, थे गावोगाव करून दाखवे. बोले थे तोलूनमापून. म्हनून कधी चुके नाई. अन् म्हनूनच त्याले कधी टाळी भेटली नाई.

अन् हा जमशेद, गाद्या भरनारा. नवाच आलेला. म्हने, ग्रहनात पानी नासते. पुरावा? त्यानं ग्रहनाचं पानी ठेवलं, दुसऱ्या दिवशी घरादारानं पेलं, अन् इतवारी हासत उभा. माह्यं चुकलं. टाळ्याच टाळ्या. मंग साप दूध पेते म्हने. थेही चुकलं. अजून टाळ्या. लोक म्हनाले लागले, आता बैठक जमशेदनंच चालवावं.

देवमनची बायको गंगू आधी बैठकीले फिरकतही नव्हती. आता समोर बसे अन् टाळ्या वाजवे. घरी जाता जाता एक डाव म्हने, "किती मोकळा चुकते जी थो मानूस."

त्या दिवसापासून देवमनले भाकर गोड लागे ना.

तं त्या इतवारी जमशेदची पाळी आली. थो म्हने, या डाव जे म्हटलं होतं थे सारं करून पाह्यलं, सारं बरोबर निघालं. अन् खाली बसला. टाळी नाई. लोकायचं तोंड उतरलं. देवमन खुश व्हाले पाह्यजे होता. पन त्याचा हात दंडावर गेला, अन् थो उभा राह्यला.

म्हने, "मी जमशेदवर जळतो."

गंगूले तं आता सवयच लागली होती. तिनं इचारलं, "पुरावा काय हाय जी?"

देवमननं सदऱ्याची बाही वर सरकवली. दंडाले काळ्या दोऱ्यात ताईत बांधला होता. मानसं पाहतच राह्यले. याच मानसानं कितीकायचे ताईत तोडले होते.

"अनसिंगकडच्या एका बाबानं मंतरून देला," थो म्हने. "म्हने त्याच्या टाळ्या बंद होतीन अन् तुह्या चालू. आत्ता जमशेद टाळीबिगर बसला, अन् मले वाटलं, लागला ताईत. मले वाटलं, भाऊ, मले. माह्यं चुकलं."

पह्यली टाळी जमशेदची. मंग गंगूची. मंग अशा वाजल्या का बाहीर रस्त्यावर जीपवाला थांबून पाहाले लागला. देवमन रडेही अन् हासेही.

घ्या, चहा आला. अन् एक काम करजा माह्यं. अनसिंगकडं कधी गेलेच, तं त्या बाबाच्या कानावर ही गोठ घालू नका. जमशेदच्या टाळ्या बंद झाल्या अन् देवमनच्या चालू झाल्या, हा पुरावाच घेऊन फिरन थो गावभर.