बंद खोलीतली ऊब

"काका, मेन स्विच कुठंय?" राजेश्वरीने विचारलं. तिच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागच्या खोलीची भिंत निळी दिसत होती. निळ्याच्या मधोमध परातीएवढा केशरी डाग पेटला होता.

हा कॅमेरा उष्णता दाखवायचा. गार ते निळं, गरम ते केशरी. घरातली ऊब कुठून निसटते ते शोधायचं आणि त्यावरून घराला तारे द्यायचे, हे राजेश्वरीचं काम. नगरच्या सावेडीतलं शामकांतांचं घर जानेवारीच्या त्या सकाळी जवळजवळ सगळंच निळं होतं. स्लॅब उघडा, खिडक्यांना फटी. थंडीत ऊब टिकत नव्हती आणि मे महिन्यात ऊन थेट आत उतरायचं. पाचपैकी फार तर दोन तारे, असं ती म्हणाली होती. त्यांच्या लेकीला, नीलांबरीला, तेच ऐकायचं होतं. बाबांनी हे घर विकून पुण्याला आपल्याकडे यावं, म्हणून तिनेच ही तपासणी ठरवली होती.

बायको गेल्यापासून शामकांतांनी मागची खोली उघडली नव्हती. आज कुलूप काढून दिलं, पण स्वतः ते उंबऱ्यातच थांबले.

भिंतीत वायर तापली असावी, असं राजेश्वरीला वाटलं. नीलांबरीने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. आता डाग हळूहळू निवायला हवा होता. तो निवेना. या घरात तुम्हाला एकटं ठेवणं आता धोक्याचं आहे, असं नीलांबरी बाबांना सांगू लागली.

फ्रीजची घरघर थांबली होती. घर गप्प झालं होतं. शामकांतांनी हाताने लेकीला थांबवलं. उंबरा ओलांडून ते भिंतीपाशी गेले. डाग दिसत होता तिथे पूर्वी खिडकी होती. पाऊस आत यायचा म्हणून त्यांनी ती आतून आणि बाहेरून प्लाय ठोकून बंद केली होती. त्यांनी प्लायला कान लावला. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी नीलांबरीचा हात धरून तळवा तिथे टेकवला. प्लाय उबदार होतं आणि आतून बारीक गुणगुणत होतं.

तिघं बाहेर गेली. ऊन नुकतंच त्या भिंतीवर आलं होतं. बाहेरच्या प्लायच्या बोटभर फटीतून एक मधमाशी आली, मागून दुसरी, मग कितीतरी. राजेश्वरी हळू आवाजात सांगत होती. थंडीत या हजारो माश्या एकमेकींना चिकटून अंग थरथरवतात आणि पोळं उबदार राखतात. उन्हाळ्यात पंखांनी वारा घालून तेच पोळं गार ठेवतात. हे तिने वाचलं होतं, पाहत आज होती.

"इतकी घरं तपासली, काका," ती म्हणाली, "पण पाचही तारे द्यावेत असं घर आज पहिल्यांदा बघतेय."

घराच्या बाकीच्या फटी बुजवून घ्यायच्या, स्लॅबवर पांढरा थर द्यायचा, असं शामकांतांनी राजेश्वरीला सांगितलं. ही फट तेवढी राहू द्यायची.

ते आत गेले आणि हॉलमधली आपली कॉट मागच्या खोलीकडे ओढू लागले. एकट्याने ती हलेना.

नीलांबरीने येऊन दुसरी बाजू उचलली.