पाणी येईपर्यंत

ठकीच्या रक्तातलं शिसं कमी व्हायला हवं होतं, ते वाढलं होतं. नर्सने फोनवर आकडा दोनदा सांगितला. ती तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा बाईंनी फोन बंद केला. जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवरचा शिशाचा रंग काढून टाकायच्या नगरपालिकेच्या योजनेच्या त्या प्रमुख. ठकीचं घर हे योजनेतलं पूर्ण झालेलं पहिलं घर. तासाभरात नगराध्यक्ष ते बघायला येणार होते, आणि बाई त्याच घराच्या पुढच्या खोलीत उभ्या होत्या.

उभ्या कसल्या, फेऱ्या मारत होत्या. पायाला भिंगरी लागलेली बाई. ज्या कचेरीत नमनालाच घडाभर तेल लागतं, तिथे यांना उद्याचं काम कालच व्हायला हवं असे. त्यांच्या या तगाद्यामुळेच योजना कागदावरून उठून लोकांच्या खिडक्यांपर्यंत आली होती, हेही खरं.

आणि खिडक्या तर दृष्ट लागावी अशा झाल्या होत्या. जुन्या रंगाचा पोपडा औषधालाही शिल्लक नव्हता. मग हे शिसं आलं कुठून? बाईंनी नळ बघितला, खेळणी उलटीपालटी केली, स्वयंपाकघरातली भांडी काढून बघितली. दोन वर्षांची ठकी तोंडात बोटं घालून त्यांच्या मागे मागे हिंडत होती.

ठकीच्या आईला वाटलं, पाहुणे यायच्या आधीची ही तपासणी असेल. ती खुशीत होती. रंगाऱ्यांचं तिला किती कौतुक करू असं झालं होतं. आठवडा लागेल म्हणाले आणि दोन दिवसांत मोकळे झाले. मध्येच नळाचं पाणी गेलं, पण माणसं काही अडून बसली नाहीत.

बाई थांबल्या. "पाणी नव्हतं, मग रंग खरवडला कसा?"

"कोरडाच की. भराभरा निघाला म्हणे. आम्ही दिवसभर शेजारी होतो, संध्याकाळी येऊन बघते तर घरात पीठच पीठ. मी लगेच केरसुणी घेतली. ठकीसुद्धा तिची छोटी केरसुणी घेऊन माझ्याबरोबर झाडत होती." ती हसली. "तोंडाला नुसती पावडर फासल्यासारखी दिसत होती."

जुना रंग आधी पाण्याने भिजवायचा आणि मगच खरवडायचा, हा या कामाचा पहिला धडा. कोरडा खरवडला की त्याची धूळ होते, झाडली की ती घरभर उडते, आणि लहान मुलांची बोटं सारखी तोंडात असतात.

रंगाऱ्यांचा मुकादम बाहेर योजनेची पाटी ठोकत होता. बाई तरातरा त्याच्या अंगावर गेल्या. तो चिडला नाही, त्याने फक्त आवाज खाली आणला.

"मॅडम, मी तुम्हाला फोन केला होता. पाणी नाही, उद्या सकाळी येईल म्हटलं. तुम्ही म्हणालात, वाट बघत बसू नका, उरका."

म्हणाल्या होत्या. जिना उतरता उतरता, दुसरा फोन वाजत असताना. कामगारांचं नेहमीचं रडगाणं असेल असं वाटून त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नव्हतं. काम झाल्यावर घरातल्या धुळीचे नमुने तपासायचे असतात, तेही अध्यक्ष येऊन गेल्यावर बघू, हे त्यांनीच ठरवलं होतं. बोट दाखवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाईंना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

मुकादम समजुतीने म्हणाला, आज पाहुणे येऊन जाऊ देत, उद्या मी स्वतः सगळं ओल्याने पुसून देतो, त्या माउलीला कशाला आत्ता घाबरवायचं. त्याचं अगदीच चुकत नव्हतं. योजना बंद पाडायला टपलेल्यांच्या हातात आयतं कोलीत गेलं असतं, आणि पुढच्या घरांतही मुलं होतीच. बाईंच्या डोक्यात हा सगळा हिशेब झटकन झाला. त्यांचे हिशेब नेहमी झटकनच होत.

आत ठकी खिडकीखाली बसून फरशीच्या फटीत बोट घालत होती. ते बोट तिने चोखलं.

बाईंनी आत जाऊन तिला उचललं, मोरीत नेऊन तिचे हात साबणाने धुतले. मग तिच्या आईसमोर बसून सगळं सांगितलं. रिपोर्टचं, पाण्याचं, धुळीचं. "चूक रंगाऱ्यांची नाही," त्या म्हणाल्या. "मी त्यांना थांबू दिलं नाही."

"आणि मी ते झाडत बसले," आई म्हणाली. "हिला बरोबर घेऊन."

"झाडायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"आता उतरेल ना ते?"

"धूळ गेली की आकडा उतरेल. पण जे नुकसान झालं असेल ते सगळं भरून येईल, असं मी सांगू शकत नाही."

आईने ठकीला कडेवर घेतलं आणि शेजारी सोडायला गेली. तेवढ्यात बाईंनी कचेरीत फोन करून आजची पाहणी होणार नाही म्हणून कळवलं. पलीकडून आरडाओरडा सुरू झाला, तो ऐकायला त्या थांबल्या नाहीत. बादली भरून घेतली, फडकं भिजवलं, आणि साडी वर खोचून त्या खिडकीखाली गुडघ्यांवर बसल्या. फराफरा हात मारत पाहता पाहता अर्ध्या खोलीपर्यंत पोचल्या.

आई परत आली होती. दारात उभी राहून ती जरा वेळ बघत राहिली. मग पुढे येऊन तिने हात पसरला.

"द्या ते इकडे," ती म्हणाली. "तुम्ही घाईनं पुसताय."