शंभर ग्रॅम भात

"मॅडम, जेवण झाल्यावर ताट चाटलं, तर त्या कॅलरी धरायच्या की सोडायच्या?"

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरच्या तिच्या दोघी मैत्रिणींनी तोंडात रुमाल कोंबले. पैज त्यांचीच होती. पाहुण्या आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंना हे विचारून दाखव, आठवडाभर खिडकीची जागा तुझी. सगळा वर्ग तिला बदक म्हणायचा, कारण ती रोज दोन तास पोहण्याच्या तलावात असायची. बदकाला घाबरायचं माहीत नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तू चाटतेस?"

"हो. भूक संपलेली नसते ना."

हे पैजेत नव्हतं. तोंडातून निसटलं. मैत्रिणींचे रुमाल खाली आले.

बाईंनी खडू ठेवला आणि घरी कसं मोजता ते नीट विचारलं. तिनं सांगितलं. आई औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथला नियम असा की वजन आधी करून ठेवायचं नाही. जे वापरायचं ते वापरायच्या क्षणीच काट्यावर ठेवायचं. पाच महिन्यांपूर्वी बाबांच्या साखरेचा रिपोर्ट वाईट आला, तेव्हापासून तो नियम घरी आला. आता भात, डाळ, भाजी, सगळं ताटात पडताना काट्यावर चढतं. मग आई पाकिटावरचा आकडा बघते, गुणाकार करते आणि फ्रीजवरच्या कागदावर लिहिते. चांगल्या पदार्थाला हिरवा ठिपका, वाईटाला लाल. तिच्या नावापुढे रोज दोन हजार कॅलरी भरतात, एक इकडे नाही की तिकडे नाही.

"आणि पाकिटावरचा आकडा कसला? तांदळाचा की भाताचा?"

हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नव्हता.

बाईंनी फळ्यावर लिहिलं. शंभर ग्रॅम तांदूळ, साडेतीनशे कॅलरी. तो शिजला की पाणी पिऊन जवळजवळ तीनशे ग्रॅम भात होतो. कॅलरी मात्र तेवढ्याच, साडेतीनशे. म्हणजे ताटातल्या शंभर ग्रॅम भातात किती? डाळीचंही तेच.

वर्गात कुणी हसलं नाही. तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दोनदा मांडला. कागदावर दोन हजार, पोटात जेमतेम बाराशे. पाच महिने.

मग तिला शेवटचे पंचवीस मीटर आठवले. शंभर मीटरच्या शर्यतीत तीन फेऱ्या ती सगळ्यांच्या पुढे असायची आणि चौथ्या फेरीत हातांचं शिसं व्हायचं. एकदा तर तिला दोन्ही हात धरून बाहेर काढावं लागलं होतं. पोहायला शिकवणारे सर म्हणाले होते, तुझा दम शंभराचा नाही, पन्नासला ये. आईचंही तेच मत. बाबा कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी. दोनशे माणसांचं जेवण ते मीठसुद्धा न मोजता करतात आणि कुणी उपाशी उठत नाही. ते दोनदा म्हणाले होते, पोरीला हे पुरायचं नाही गं. दोन्ही वेळा आईनं फ्रीजकडे बोट दाखवलं. लिहिलेल्या आकड्यापुढे बाबा काय बोलणार? ते निमूट भांडी घासायला लागले.

शर्यतींसाठी शाळेची यादी त्या दिवशी संध्याकाळी जाणार होती. पन्नासला जायचं की नाही, हे तिला तोवर सांगायचं होतं. शाळा सुटल्यावर ती तलावावर गेली, सरांशी पाच मिनिटं बोलली आणि घरी आली.

टेबलावर काटा होता. आई त्यावर तिचं ताट ठेवत होती. बाबा शेजारी वाढायचा डाव घेऊन उभे होते, हुकमाची वाट बघत. तिनं दप्तर न काढताच वही उघडून समोर धरली. फळ्यावरचं जसंच्या तसं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

आईनं हिशेब वाचला. मग पाकीट उचलून त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. मग पुन्हा हिशेब. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दिवसभर मिलिग्रॅममध्ये काम करणारी बाई स्वतःच्या पोरीच्या ताटात आठशेनं चुकली होती. बाबांनी तिच्याकडे बघायचंही टाळलं. मी सांगत होतो, हे वाक्य त्यांनी गिळून टाकलं, आणि तेवढ्यासाठी लेकीला ते फार आवडले.

आई पेन्सिल शोधू लागली. म्हणाली, उद्यापासून तांदूळ कच्चाच मोजू, जुने आकडे खोडून नवे लिहू, दोन दिवसांत सगळं जागेवर येईल.

लेकीनं फ्रीजवरच्या कागदावर हात ठेवला. "आई, तुझ्यावर राग नाही. पण माझा रकाना बंद. बाबांचा चालू ठेव, त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय. मला कुणी सांगितलेलं नाही. माझी भूक मला कळते."

"आणि शर्यत?" आईनं विचारलं. "सरांना काय सांगितलंस?"

"शंभरमधून नाव काढलं."

आई खुर्चीत बसली. बाबांच्या हातातला डाव तसाच राहिला. पन्नास तर पन्नास, ते हळूच म्हणाले, त्यात काही कमीपणा नाही.

"पन्नास नाही, बाबा," ती ताट काट्यावरून उचलत म्हणाली. "चारशेला दिलंय. वाढा."