उतारावरची गाडी

"बघा पिसाळ, पाचगणीहून निघताना बॅटरी वीस टक्के होती, आता बावीस! चालवाल तशी चार्ज होते. वर पेट्रोलची कटकट नाही," पसरणी घाट उतरताना भिलारेअण्णा म्हणाले. गेल्याच आठवड्यात ही गाडी टोचन लावून वर आणली होती, तेवढं मात्र ते बोलले नाहीत.

गिऱ्हाईक खूश. वाईत पोचताच पिसाळने पैसे दिले, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून अण्णा गुपचूप एसटी स्टँडकडे वळले.

"आपली गाडी असताना एसटी कशाला? घरी सोडतो की!"

"नको हो, चढाला मला गाडी लागते."

पिसाळने हाताला धरून बसवलंच.

अर्ध्या घाटात गाडीने मान टाकली. पिसाळने आधी खाली वाईकडे पाहिलं, मग अण्णांकडे. अण्णांनी शिव्या ऐकायची तयारी केली.

"असं होय! ही उतारावरच विकायची असते," पिसाळ खुदकन हसला. "विकतो की उद्याच. पण आधी वर न्यायला हवी. उतरा अण्णा, लावा जोर!"