तीन मिलिमीटर

"हात नका लावू हो आजोबा!" तोकिता ओरडले. कुरामोचींचा हात गाडीच्या मागच्या चाकावरच्या फुगीर पत्र्यापासून वीतभरावर थांबला.

रित्सुकोने सासऱ्यांचा दंड धरला. "माफ करा हं. यांना दिसत नाही. ही गाडी बनली तेव्हा हे त्याच कारखान्यात होते."

जपानमधल्या नुमाझूच्या बंदराजवळच्या मैदानात रविवारी सकाळी जुन्या गाड्या जमल्या होत्या. वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या मासळीचा वास येत होता. तोकितांच्या तांबड्या, दोन माणसांच्या गाडीभोवती सगळ्यांत जास्त गर्दी.

"कारखान्यात? मग तुम्हाला मी काय सांगणार!" असं म्हणून तोकितांनी सांगितलंच. एकोणसत्तर सालची. सगळ्या मिळून हजारसुद्धा निघाल्या नाहीत. त्या काळात ताशी दोनशेच्या पुढे पळायची. "तुम्ही इंजिनवर होता का?"

"मातीवर," कुरामोची म्हणाले. "पत्र्याच्या आधी अख्ख्या गाडीचा मातीचा नमुना करतात. हे मागचं अंग मी केलं होतं. मग वरून हुकूम आला, फुगवटा तीन मिलिमीटर खरवडा. मी पातं फेकलं आणि निघून गेलो. माझ्या शेजारीच काम करायचा इवासे. त्यानं खरवडलं."

"तीन मिलिमीटर?" तोकिता हसले. "एवढ्यानं काय होतंय?"

उरलेली नोकरी कुरामोचींनी ट्रकच्या विभागात काढली होती. डोळे होते तोवर रस्त्यात ही गाडी दिसली की मान फिरवायचे. इवासेशी तर त्या दिवसापासून, पन्नास वर्षं, एक अक्षर बोलले नव्हते. पण या आठवड्यात स्वतःहून सुनेला म्हणाले, घेऊन चल मला. काय वाटोळं केलंय ते एकदा हातानं बघतो.

तोकितांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "अंगठी काढा," ते म्हणाले. "आणि घड्याळ. रंग मूळचा आहे."

कुरामोचींनी दोन्ही वस्तू रित्सुकोच्या हातात दिल्या आणि तळवा पत्र्यावर टेकवला. हात दारापासून हळूहळू मागे गेला, चढावर चढला, चाकाच्या बरोबर वर थांबला. पुन्हा दारापाशी आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला आणि तिथून हलेना.

"बाबा, काय झालं?"

"खरवडलेलं नाही."

"म्हणजे?"

"मी सोडून गेलो तसंच आहे. अगदी तसंच." त्यांचा आवाज घाबरल्यासारखा येत होता. "इवासे... आहे का गं अजून?"

"आहेत. शिझुओकाला, मुलीकडे." रित्सुको घुटमळली. "दर नवीन वर्षाला त्यांचं पत्र येतं. तुम्ही न वाचता टाकून देता. उत्तर मी लिहिते. तुमच्या नावानं."

एरवी घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी. आता मोकळा हात फक्त पुढे केला. "लाव फोन."

रित्सुकोने पत्रातला नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. बराच वेळ घंटी वाजली. मग पलीकडून एक खरखरीत 'हॅलो' आलं.

"इवासे, कुरामोची बोलतोय. तू साहेबांना खोटं सांगितलंस."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला. मग खोकल्यासारखं हसू आलं.

"दोन दिवस नुसतं पातं फिरवत बसलो रे. साहेब आले, लांबून पाहिलं, म्हणाले, आता कसं छान दिसतंय!"

"मला का नाही सांगितलंस?"

"आलो होतो की. दोनदा. तुझ्या बायकोनं दार उघडलं, आणि तू आतून ओरडलास, घरी नाही म्हणून सांग."

कुरामोचींचा दुसरा तळवा अजून पत्र्यावरच होता. मागे माणसं फोटोसाठी ताटकळली होती. तोकितांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"अरे, ऐकतोयस ना?" फोनमधून इवासे म्हणाला. "का आजही घरी नाहीस?"

"आहे," कुरामोची म्हणाले. "आहे."