घासलेली नाणी

मेक्सिकोच्या जुन्या प्रजासत्ताकातली तांब्याची सहा नाणी शैलेंद्रने परदेशात, अराद शहरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये कुलपात जपली होती. दोनशे वर्षांचा काळा थर हीच त्यांची शान. गेले पाच दिवस मात्र रोज एक नाणं कुणीतरी घासत होतं. आज पाचव्यावरचा गरुडही पुसला गेला होता.

"चिंच लावून घासायला देवाची भांडी आहेत का ही?" तो फोनवर खेकसला. "किल्ली कुणाला देऊन गेलीस?"

"मी पुण्यात, किल्ली तुझ्या खिशात," मेधाही भडकली. "बायकोवर कसले आळ घेतोस?"

त्याने कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहावंही लखलखत होतं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेधाला झापायला त्याने फोनवर अंगठा टेकवला. फोन उघडेना. शर्टाला पुसून पुन्हा टेकवला. तरी उघडेना.

त्याने अंगठा उजेडात धरला. चिंचेचा वास आला. अंगठ्यावर एकही रेघ उरली नव्हती.