सदतीस चिठ्ठ्या

देवरावनं फळ्यावरचा कागद टरकन फाडला आणि चुरगाळून हँगरच्या दारात फेकला.

"वाचला का गा सर्वायनं?" तो ओरडला. "आता सांगा, युनियन आपली आहे का कंपनीची?"

अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना होता. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर दुपारी विमानाच्या पत्र्याला हात टेकला की चटका बसे. डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळून सदतीस मेकॅनिक काम करत होते आणि दोन महिन्यांपासून त्यांच्यात एकच विषय होता, नवा करार.

कंपनीला हवं ते सगळं त्यात होतं. एका विमानामागे तीन मेकॅनिक असत, आता दोनच राहणार. बढत्या तीन वर्षं बंद. जेवणाच्या सुट्टीत बोलावलं तरी ताट सोडून यायचं. बदल्यात काय, तर तीन वर्षं नागपूरचा हँगर हलणार नाही. करार नाकारला तर हँगरही हैदराबादला आणि माणसंही.

आणि कराराचा हा कागद दिल्लीच्या मुख्य कचेरीतून घेऊन आले होते त्यांच्याच युनियनचे सेक्रेटरी, कृष्णकांत पांढरीपांडे. शहरातल्या महाल भागात राहणारे, पन्नाशी ओलांडलेले, स्वतः मेकॅनिक. देवरावला पहिलं इंजिन त्यांनीच उघडून दाखवलं होतं. हल्ली देवराव त्यांच्याशी बोलत नसे, त्यांच्याबद्दल बोलत असे.

कृष्णकांतांनी चुरगाळलेला कागद उचलला, मांडीवर सारखा केला आणि पुन्हा फळ्यावर लावला.

"एक जण काम करते, दुसरा धरते, तिसरा तपासते," देवराव म्हणाला. "तिसरा गेला तं तपासन कोण? तुमी?"

"दिल्लीत चार दिवस मी हेच सांगून राहिलो होतो."

"मंग सही काहून केली?"

"सही नाही केली. कागद आणला फक्त. सही तुमच्या मतानंतर."

"अन् तुमचं मत?"

"सेक्रेटरीनं आपलं मत सांगून लोकांना वळवू नये. शुक्रवारी चिठ्ठ्या टाका. तुम्ही नाही म्हटलं तर शनिवारी जाऊन मी नाही सांगून येतो. पण ते चिठ्ठीवर पाहिजे, देवराव. तोंडातलं मला तिथं दाखवता येत नाही."

"ऐकलं का?" देवराव बाकीच्यांकडं वळला. "याह्यले म्हणे मतच नाही! दिल्लीत चांगला पाहुणचार झालेला दिसते."

सगळे हसले. केशवनं तर हातातला पाना पत्र्यावर वाजवला. कृष्णकांत आपल्या विमानाकडं निघून गेले.

गुरुवारी संध्याकाळी इंदोरा वस्तीतल्या घरी देवराव अंगणात रॉकेलनं हाताचं ग्रीस काढत बसला होता. त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं, पाण्याची बादली पुढं ठेवली. ती महापालिकेच्या शाळेत शिकवत होती. नोकरी लागून दीडच वर्ष झालं होतं.

"खरंच हैदराबादले पाठवतीन का जी?" तिनं विचारलं. "शाळेतले सर्व विचारून राहिले मले."

"घाबरवते कंपनी. कोणी कुठी जात नाही."

"अन् जावं लागलं तं? माझी नोकरी? बाबा या वयात येतीन तिकडं?"

आत खाटेवर त्याचे वडील धोंडबा खोकत होते. ग्रीस निघून गेल्यावरही देवराव बराच वेळ हात चोळत राहिला.

शुक्रवारी चार वाजता सगळे कँटीनमध्ये जमले. देवरावनं चिठ्ठ्यांचं खोकं आधी उलटं करून दाखवलं, मग स्वतः त्याच्याशेजारी उभा राहिला. एकेकानं कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन मंजूर किंवा नामंजूर लिहायचं आणि चिठ्ठी टाकायची. कोणी कोणाकडं पाहत नव्हतं. देवरावची पाळी आली तेव्हा त्यानं पेन घट्ट धरलं, एकच शब्द लिहिला आणि कागदाच्या चार घड्या घातल्या. शेवटी कृष्णकांतांनी आपली चिठ्ठी टाकली.

स्टोअरकीपर ताराचंद युनियनमध्ये नव्हता, म्हणून मोजायला तो बसला.

"मंजूर," त्यानं वाचलं. "मंजूर. मंजूर."

दहावी चिठ्ठी निघेपर्यंत कुजबुज होती. विसावीनंतर फक्त पंख्याचा आवाज उरला. एकतिसावी नामंजूर निघाली. पुढं पुन्हा मंजूर, शेवटपर्यंत.

"छत्तीस मंजूर, एक नामंजूर," ताराचंद म्हणाला. "खुद देख लो, भाई."

कोणी पाहायला उठलं नाही. माना खाली गेल्या. मग केशव उठला आणि त्यानं देवरावचा हात दोन्ही हातांत धरला.

"तूच एक खरा निघाला गा, देवरावभाऊ. माह्या लेकराची दहावी आहे यंदा. माफ कर मले."

त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. कुणाची आई आजारी, कुणाचं घर अर्धवट. प्रत्येकानं देवरावचा हात दाबला. देवराव जमिनीकडं पाहत होता. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. सगळ्यांना वाटलं, त्याला रडू आवरत नाही.

"पांढरीपांड्यानं आपल्याले या गतीले आणलं," केशव मोठ्यानं म्हणाला. "आजपासून सेक्रेटरी देवरावभाऊ! हात वर करा!"

हात भराभर वर झाले. टाळ्या पडल्या. देवराव नाही म्हणाला नाही.

कृष्णकांत उठले. युनियनच्या कपाटाची किल्ली त्यांनी खिशातून काढली, गर्दीतून वाट काढत आले आणि ती देवरावच्या हातावर ठेवली. टाळ्या अजून चालूच होत्या. ते त्याच्या कानाशी वाकले.

"ती एक चिठ्ठी माझी होती, देवराव."